स्टेरॉइडची गोळी दीर्घकाळ चालू राहणार असेल तर

डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन लिहून दिलं आणि "वर्षभर तरी चालेल, कदाचित जास्तही" असं सांगितलं, की घरीदारी प्रत्येकाचा एकच सल्ला सुरू होतो: स्टेरॉइड आहे, जमेल तितक्या लवकर सोडून दे. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण बरेच महिने स्टेरॉइडवर असलेल्या माणसाला देता येईल असा सगळ्यात घातक सल्ला हाच आहे. हे औषध सुरू करायला एक दिवस पुरतो. थांबवायला महिने लागतात, आणि ते महिने कसे काढायचे हे रुग्णाला स्वतःला नीट माहीत असावं लागतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी शाळेत गणित शिकवते. पन्नाशी उलटल्यावर मला पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका झाला. डॉक्टर त्याला पीएमआर म्हणतात. खांदे, मान, कंबर आणि मांड्या सकाळी इतक्या ताठ व्हायच्या की अंथरुणात कुशीवर वळता येत नसे. फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचेना, म्हणून मी सगळी गणितं फळ्याच्या खालच्या अर्ध्यात उरकायला लागले. रक्तात ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे शरीरात दाह किती आहे ते दाखवणारे आकडे, दोन्ही भरपूर वाढलेले होते. रोज १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही हात डोक्यावर गेले. पीएमआरमध्ये असा झटपट उतार पडतो, निदान बरोबर असल्याची ती एक खूणच मानतात. माझ्या आजाराचं नाव हे असलं तरी पुढचं बहुतेक सगळं ल्युपस, व्हॅस्क्युलायटिस, सारकॉइडोसिस, आतड्याचा दाह अशा कुठल्याही कारणाने महिनोन्‌महिने तोंडाने स्टेरॉइड घेणाऱ्यांना लागू पडतं. डोस मात्र ज्याचा त्याचा वेगळा असतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

आधी शरीरात काय घडतं ते समजून घ्या

दोन्ही मूत्रपिंडांच्या वर एकेक छोटी अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल तयार करते. रक्तदाब टिकवणं, उपाशीपोटी साखर फार खाली जाऊ न देणं, ताप किंवा जखम झाली तर शरीराला त्यातून तारून नेणं ही कॉर्टिसॉलची कामं. त्याची पातळी पहाटेपासून चढते, सकाळी सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जाते. किती तयार करायचं हा हुकूम मेंदूतून, पिट्युटरी ग्रंथीकडून येतो.

प्रेडनिसोलोन म्हणजे याच कॉर्टिसॉलचा जास्त ताकदवान भाऊबंद. बाहेरून गोळी येते आहे हे मेंदूला कळतं आणि तो हुकूम देणं थांबवतो. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ असं चाललं की ग्रंथी सुस्तावते. प्लास्टरमध्ये महिनाभर ठेवलेला हात जसा रोडावतो आणि प्लास्टर काढल्या काढल्या बादली उचलू शकत नाही, तसंच इथे होतं. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर शरीरात कॉर्टिसॉल येणार कुठून? बाहेरून येत नाही, आतून बनत नाही. माणूस गळून जातो, उभं राहिल्यावर चक्कर येते, मळमळ, उलट्या, पोटदुखी होते, रक्तदाब खाली जातो आणि वेळेत लक्षात आलं नाही तर जिवावर बेततं.

या औषधाचा इतिहासही हेच सांगतो. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला पहिल्यांदा कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५०मध्ये हेंच, केंडॉल आणि राइशस्टाइन यांना नोबेल मिळालं. तोपर्यंत सुजलेले चेहरे, बिघडलेली मनं आणि औषध थांबवताच उसळून परत येणारा आजार हेही डॉक्टरांच्या नजरेला पडलं होतं. दोन्ही बाजू पहिल्यापासून बरोबरच आहेत. एकीकडे पाहून दुसरीकडे डोळेझाक करून चालत नाही.

मिलिग्रॅममध्ये बोलायची सवय लावा

"मी रोज दोन गोळ्या घेते" या वाक्याला काही अर्थ नाही. प्रेडनिसोलोनची गोळी ५ची असते, १०ची असते, २०ची असते, काही ठिकाणी १ आणि २.५चीही मिळते. वर स्टेरॉइडही वेगवेगळी. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीला मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम, हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम आणि डेक्सामेथासोन साधारण ०.७५ मिलिग्रॅम. म्हणजे मिथाइलप्रेडनिसोलोनची ८ची गोळी दिसायला प्रेडनिसोलोनच्या १०पेक्षा कमी वाटते, पण काम तेवढंच करते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या दवाखान्यात, रात्री अपरात्री कुणी विचारलं तर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तोंडपाठ हवेत. घरातल्या आणखी एका माणसालाही पाठ हवेत, कारण बोलायची वेळ येईल तेव्हा आपण बोलण्याच्या स्थितीत असूच असं नाही.

गोळी सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायची. दिवसाचा सगळा डोस सकाळी एकदम घेतला तर तो शरीराच्या स्वतःच्या लयीशी जुळतो आणि रात्रीची झोप त्यातल्या त्यात वाचते. डॉक्टरांनी मुद्दाम दोनदा घ्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही दुसरा डोस दुपारच्या पुढे ढकलू नका. सकाळी विसरलात आणि दुपारी आठवलं तर तेव्हाच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाचा नेहमीचाच डोस घ्या, दुप्पट नको. जिच्यावर पोटासाठी खास आवरण असतं ती गोळी मोडून अर्धी करू नये. अर्धी करायची वेळ येणार असेल तर औषध घेतानाच साधी गोळी मागून घ्यावी.

एक गोष्ट फार कळकळीने सांगते. अंग दुखतंय म्हणून घरात पडलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी स्टेरॉइडबरोबर मनाने घेऊ नका. दोन्ही मिळून पोटात व्रण पडण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका कितीतरी वाढवतात. पॅरासिटामॉलवर भागतं का ते आधी पाहा, नाही भागलं तर डॉक्टरांना विचारा. तसंच रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं स्टेरॉइडचा असर घटवतात, तर इट्राकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन तो वाढवतात. म्हणून कुठलंही नवीन औषध कुणीही लिहून दिलं, दातांच्या डॉक्टरांनी जरी दिलं, तरी आपण स्टेरॉइडवर आहोत हे आपणच आधी सांगायचं. आणि लेबल नसलेल्या, आत काय आहे हे कुणी सांगत नाही अशा "सांधेदुखीवर रामबाण" पुड्यांपासून चार हात लांब राहा. त्यात लपवून स्टेरॉइड घातल्याची प्रकरणं जगभर सापडलेली आहेत. मग आपण नेमकं किती घेतोय हे ना आपल्याला कळतं, ना डॉक्टरांना.

वही

माझ्याकडे एक चौकटीची वही आहे. रकाने असे: तारीख, मिलिग्रॅम, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं, झोप किती तास, शेरा. वजन आणि रक्तदाब आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, त्याच काट्यावर. एक ओळ उतरवून दाखवते: "८ मि.ग्रॅ. ताठरपणा २५ मि. झोप ५ तास. जिना चढताना मांड्या जड, पण दुखत नाहीत." लिहायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही.

"गेल्या महिन्यात बरं होतं का?" या प्रश्नाला आठवणीतून दिलेलं उत्तर जवळजवळ नेहमी कालच्या दिवसाचं असतं. वहीतला ताठरपणाचा रकाना मात्र स्पष्ट बोलतो. १० मिनिटांवरून २५, तिथून ४० अशी चढण दिसली की डॉक्टर सीआरपी करायला सांगतात आणि डोस तिथेच रोखतात. आकडा वर-खाली होत राहिला, पण चढण नसेल, तर पुढची पायरी उतरता येते. माझे डॉक्टर आता आधी वही मागतात, रिपोर्ट नंतर बघतात. ज्यांचा आजार वेगळा आहे त्यांनी आपला रकाना बदलावा: आतड्याच्या दाहात दिवसातून किती वेळा जावं लागलं, फुप्फुसाच्या आजारात किती जिने चढल्यावर दम लागला. मोजता येईल अशी एकच खूण निवडा आणि तिला धरून राहा.

साखर कधी तपासायची

बरेच जण इथे फसतात. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर वाढवतं ती दुपारनंतर, संध्याकाळपर्यंत. रात्री तो असर ओसरतो आणि सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं तर आकडा छान येतो. माझं उपाशीपोटीचं ९४ आलं होतं आणि घरात सगळे खूश झाले. त्याच दिवशी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजलं, तर २१२. म्हणून स्टेरॉइडवर असताना जेवणानंतरची किंवा संध्याकाळची साखर बघायची आणि जोडीला दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी. आधीपासून मधुमेह असेल तर स्टेरॉइड सुरू होतानाच त्या डॉक्टरांना कळवायचं, कारण इन्सुलिन किंवा गोळ्यांचं प्रमाण वाढवावं लागू शकतं. आणि स्टेरॉइड कमी होत जाईल तसं तेही कमी करावं लागतं. हे दुसरं लोक विसरतात आणि मग साखर एकदम खाली घसरते.

भूक प्रचंड लागते. ती भूक औषधाची असते, पण पोटाला खरीच वाटते. गोड आणि पिठूळ कमी, प्रथिनं आणि भाज्या जास्त, मीठ हात राखून. मिठामुळे अंगात पाणी साठतं आणि रक्तदाब चढतो. याहून जास्त उपदेश मी करणार नाही, पथ्याचा प्रत्येकाचा हिशोब आपापला.

हाडं आणि स्नायू

हाडांची झीज दुखत नाही, म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. पण स्टेरॉइडने होणारी झीज पहिल्या सहा महिन्यांतच सगळ्यात झपाट्याने होते. तेव्हा "बघू पुढच्या वर्षी" हा विचार इथे कामाचा नाही. औषध तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार हे ठरलं की हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कधी करायची हे लगेच विचारा. कॅल्शियम अन्न आणि गोळी मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन डी किमान ६०० ते ८०० युनिट. वय, आधीचं फ्रॅक्चर आणि डोस पाहून डॉक्टर अ‍ॅलेन्ड्रोनेटसारखी हाडांची गोळीही सुरू करतात.

ही आठवड्याची ७० मिलिग्रॅमची गोळी घेण्याची रीत कडक आहे आणि ती पाळलीच पाहिजे. सकाळी उठल्यावर, पूर्ण उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नको, दूध नको. नंतर निदान अर्धा तास काही खायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही, कारण गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर ही गोळी अंगी लागत नाही, ती दिवसा उशिरा घ्या. सुरू करण्याआधी दात तपासून घ्या आणि काढायचे असतील ते काढून घ्या. आमच्याकडे त्या दिवशी माझी धाकटी बहीण फोन करते आणि तो अर्धा तास मी तिच्याशी उभ्याने गप्पा मारते.

आता स्नायू. जास्त डोस बराच काळ चालला तर मांड्या आणि दंड यांची ताकद जाते. माझ्यासारखीला हे ओळखणं अवघड, कारण मूळ आजारही तिथलाच. फरक असा: आजार उलटला तर दुखतं, ताठरतं, सकाळी जास्त असतं. स्टेरॉइडने स्नायू गळाले तर दुखत नाही, पण खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही. म्हणून दर रविवारी वजनानंतर मी हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठते-बसते आणि जमलं की नाही ते वहीत लिहिते. रोजचं चालणं आणि हलक्या वजनाचा व्यायाम सोडू नका. जांघेत एका बाजूला सतत दुखायला लागलं, पाय टेकताना कळ यायला लागली, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं हा स्टेरॉइडचा ओळखीचा दुष्परिणाम आहे आणि सुरुवातीला साध्या एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, एमआरआय लागतो.

डोळे वर्षातून एकदा तरी, जास्त डोस असेल तर सहा महिन्यांनी. मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब दोन्ही बघायला सांगा. दाब वाढलेला आपल्याला जाणवत नाही.

झोप, मन, चेहरा

पहाटे तीनला टक्क जाग येणं, विनाकारण चिडणं, कधी उगाचच अंगात आल्यासारखा उत्साह आणि डोस उतरताना डोळ्यांत पाणी. हे औषधामुळे होतं. स्वभाव बदलला असं समजून स्वतःला बोल लावू नका. सुरू करतानाच घरच्यांना समोर बसवून सांगा: मी चिडले तर त्या क्षणी वाद घालू नका, दहा मिनिटांनी बोलू. आमच्या घरी हे एक वाक्य फार उपयोगी पडलं. पण झोप अजिबात लागत नाही, भलतेसलते आवाज येतात, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, असं काही असेल तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. डोस जास्त असताना, विशेषतः ४० मिलिग्रॅमच्या वर, हा धोका वाढतो आणि त्यावर उपाय होतो.

चेहरा गोल होतो, मानेमागे मांसल उंचवटा येतो. शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी कौतुकाने म्हणाल्या, "तब्येत सुधारली हो तुमची, गाल भरलेत!" त्या दिवशी घरी येऊन मी आरसा झाकून ठेवला. डोस साधारण ७ मिलिग्रॅमच्या खाली आल्यावर हळूहळू माझा मूळ चेहरा परत आला. बहुतेकांचा येतो. चेहऱ्यापायी गोळ्या चुकवणाऱ्या मुली मी रांगेत बसलेल्या पाहिल्या आहेत आणि त्यांच्यासाठी जीव तुटतो. त्यांना मी एवढंच सांगते की चेहऱ्याची तक्रार डॉक्टरांना सांगण्याइतकी मोठी आहे. ती सांगा, दुसरं औषध जोडून डोस लवकर उतरवता येतो का ते विचारा. मेथोट्रेक्सेट, अ‍ॅझाथायोप्रिन अशी औषधं त्यासाठीच असतात. (मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा.)

ताप आला तर

दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवायच्या. पहिली, स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्ग सहज होतो आणि तो दबलेलाही राहतो. ताप कमी, दुखणं कमी, आत मात्र गंभीर. त्यामुळे अंगावर काढू नका. दुसरी, आजारपणात निरोगी शरीर कॉर्टिसॉल वाढवतं, आपली सुस्तावलेली ग्रंथी ते करू शकत नाही. म्हणून ताप किंवा मोठं आजारपण आलं तर स्टेरॉइड थांबवायचं तर नाहीच, उलट अनेकदा काही दिवस वाढवावं लागतं. कमी डोसवर असलेल्यांना सहसा दुप्पट करायला सांगतात. आधीच १० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांना बहुधा तेवढंच पुरतं. तुमच्यासाठी नेमकं किती आणि किती दिवस, हे बरं असतानाच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. ताप चढल्यावर रात्री अकराला हे विचारत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

उलट्या होत असतील तर प्रश्न वेगळा आहे. गोळी पोटात टिकतच नाही. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर पुन्हा घ्यावी, पुन्हाही बाहेर पडली तर सरळ दवाखाना गाठावा आणि दारातच सांगावं: "दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे, गोळी टिकत नाही, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागेल." मोठ्या माणसांत पहिलं इंजेक्शन साधारण १०० मिलिग्रॅमचं असतं. हे वाक्य घरच्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. मला शिकवायची सवय, मी घरच्यांकडून खरंच म्हणवून घेतलं.

पाकिटात एक कार्ड ठेवा. नाव, आजार, स्टेरॉइडचं नाव, मिलिग्रॅम, कधीपासून, डॉक्टरांचा नंबर आणि ठळक ओळ: "अचानक थांबवू नये." मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही हीच माहिती ठेवता येते.

लसीकरणाबद्दल थोडक्यात. फ्लूची टोचायची लस आणि न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) लस मृत विषाणूंच्या किंवा जंतूंच्या अंशांच्या असतात, त्या चालतात आणि घ्यायलाच हव्यात. नागिणीवरची लसही आता जिवंत विषाणू नसलेली मिळते. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे झालं असेल तर जिवंत लसी, म्हणजे गोवर, कांजिण्या, पीतज्वर, बीसीजी, टाळतात. कांजिण्या किंवा गोवर आधी झालेला नसेल आणि अशा रुग्णाशी संपर्क आला, तर पुरळ उठायची वाट न बघता लगेच डॉक्टरांना कळवा. मी रोज वर्गात उभी राहते, त्यामुळे कुणाला कांजिण्या आल्या तर ताबडतोब मला सांगा, असं शाळेत सांगूनच ठेवलं आहे. क्षयाची तपासणी सुरुवातीलाच झाली आहे ना, तेही विचारून घ्या, कारण शरीरात दबून बसलेला क्षय स्टेरॉइडमुळे डोकं वर काढू शकतो.

डोस उतरवण्याचं गणित

इथे मला माझा विषय कामाला आला. पीएमआरमध्ये साधारण रीत अशी की एक-दोन महिन्यांत १० मिलिग्रॅमवर यायचं आणि तिथून दर महिन्याला १ मिलिग्रॅम कमी करायचं. ऐकायला ही सरळ रेषा वाटते. पण टक्केवारी काढून बघा. १० वरून ९ म्हणजे १० टक्के घट. ५ वरून ४ म्हणजे २० टक्के. २ वरून १ म्हणजे निम्मं! पायरी तीच, पण खाली जावं तशी शरीराला ती मोठी पडते. शिवाय ५ मिलिग्रॅमच्या आसपास गोळीचा पुरवठा शरीराच्या रोजच्या गरजेइतका उरतो आणि त्याखाली ग्रंथीने स्वतः काम सुरू करावं लागतं. म्हणून शेवटच्या टप्प्यात घाई नको. काही डॉक्टर अर्ध्या मिलिग्रॅमने उतरवतात, काही नवीन डोस आधी आठवड्यातून एकच दिवस, मग दोन दिवस, असा पसरवून देतात. मला ७ वरून ६ वर असंच आणलं: पहिल्या आठवड्यात फक्त बुधवारी ६, बाकी दिवस ७, पुढच्या आठवड्यात बुधवार आणि शनिवार.

उतरताना अंग दुखतं, गळून जायला होतं, मन उदास होतं. हे औषध कमी झाल्याचं आहे की आजार परतला? साधारणपणे, औषध कमी झाल्याचं दुखणं पायरी उतरल्यावर लगेच येतं, सगळ्या अंगाला असतं आणि एक-दोन आठवड्यांत आपणहून निवळतं. आजार परतला तर त्याची जुनी जागा आणि जुनी वेळ घेऊन येतो, दिवसेंदिवस वाढत जातो, आणि बहुधा सीआरपीही चढतो. माझं म्हणाल तर खांदे सकाळी ताठरले की मला कळतं. अशा वेळी मनाने डोस वाढवू नका आणि मनाने उतरवतही राहू नका. आहे तिथे थांबा आणि फोन करा. आजार परतला म्हणून एखादी पायरी वर चढावी लागली तर त्यात हार काही नाही. पीएमआरमध्ये असं पुष्कळांना होतं.

एका लक्षणाला मात्र फोनवर थांबू नका. पीएमआरबरोबर कधीकधी जायंट सेल आर्टरायटिस हा कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्यांचा दाह येतो. नवीनच उद्भवलेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबड्यात कळ, एकदम अंधुक किंवा दुहेरी दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा. त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते आणि ती वाचवण्यासाठी तासांना किंमत असते. उपचार पुन्हा स्टेरॉइडच, पण ४० ते ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त.

५ मिलिग्रॅमच्या खाली थकवा जातच नसेल तर सकाळी आठ-नऊच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. आधीच्या गोळीला चोवीस तास होऊन गेले पाहिजेत, म्हणजे त्या दिवशीची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यायची. आधी घेतली तर प्रेडनिसोलोनच तपासणीत मिसळतं आणि आकडा खोटा येतो. प्रयोगशाळेत हे कुणी सांगेलच असं नाही, आपणच लक्षात ठेवायचं. आकडा १०च्या वर (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर) असेल तर ग्रंथी जागी झाली असं सहसा मानतात, ५च्या खाली असेल तर अजून झोपेत आहे. मधल्या आकड्यांना काही आठवडे थांबून पुन्हा तपासतात. ग्रंथी जागी व्हायला कुणाला महिना लागतो, कुणाला वर्ष. आपल्या प्रयत्नाने तो वेग वाढत नाही, त्यामुळे शेजारचीची गोळी सहा महिन्यांत सुटली म्हणून आपली सुटायला हवी, ही तुलना करू नका.

आणि गोळी शून्यावर आल्यावरही पाकिटातलं कार्ड लगेच काढून टाकू नका, निदान वर्षभर राहू द्या. त्या काळात मोठा अपघात, तीव्र ताप किंवा ऑपरेशन झालं तर शरीराला पुन्हा स्टेरॉइडची मदत लागू शकते. ऑपरेशन ठरलं की शस्त्रक्रिया करणाऱ्या आणि भूल देणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांना स्वतः सांगा: किती महिने घेतलं, जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम होतं, शेवटची गोळी कधी घेतली. हे तिन्ही आकडे कार्डाच्या मागच्या बाजूला आजच लिहून ठेवा आणि डोस बदलेल तसे बदला.